फट ठेवायची होती

रविवार, ११ फेब्रुवारी

ठकू,

तू मावशीकडे जाऊन राहिलीस आणि फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी कॉलेजच्या वसतिगृहातून लिहिलं असेल, ढेकणांची तक्रार करायला. अक्षर तेव्हाही असंच होतं, त्यामुळे चष्मा लावून बस.

मावशी सांगते, तुझ्या हाताची फळी निघाली. अंगठा आणि पहिलं बोट ठीक आहे, पण मधली दोन अजून वाकत नाहीत. रोज गरम पाण्यात हात बुडवून रबरी चेंडू दाबायला लावतात म्हणे. दाबत जा, कंटाळा करू नकोस. लहानपणी माझं डोकं दाबून द्यायलाही तू कुरकुरायचीस, पण चेंडू बिचारा "अजून जोरात" म्हणत नाही.

ही वरची ओळ खोडणार होतो. राहू दे. विनोद करायची माझी खोड जात नाही आणि तुझ्या हातावरून विनोद करायचा मला काडीचा हक्क नाही, हे मला कळतं.

घरी सगळे बरे आहेत. भूकंपापासून तुझी वहिनी उंचावर काही ठेवू देत नाही. डबे, कुकर, इस्त्री, सगळं जमिनीवर. आम्ही घरात लंगडी घालत फिरतो. बाबा मजेत आहेत. खरंच मजेत आहेत. गवंडीकाम सुटल्यापासून इतकी वर्षं मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्याचं कारण पुढे कधीतरी लिहीन.

दातांच्या दवाखान्याचं खालचं अंग अजून बंद आहे. तुझ्या खोलीच्या दाराला पत्रा ठोकलाय. तुझे साचे, मेणाचे डबे, तो छोटा बर्नर, सगळं मी स्वतः काढून आणलं आणि आपल्या मागच्या खोलीत ठेवलं. एक कवळी अर्धी झाली होती, चौकातल्या न्हाव्याची. तो विचारून गेला. म्हणाला, "ताईंना सांगा, घाई नाही. तोवर मी पातळ खातोय." अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं, असं तू म्हणायचीस. ते अर्धं गाव सध्या ओठ मिटून आहे.

इस्पितळात तू मला विचारलंस, "दादा, इमारत तर तुझी होती. सगळी उभी राहिली, मग माझ्याच खोलीतली भिंत कशी पडली?" आणि मी म्हणालो, "भूकंपापुढे कुणाचं काय चालतं?" तू कूस बदललीस आणि तेव्हापासून माझ्याशी बोलली नाहीस. इंजिनिअर भाऊ असा कीर्तनकारासारखा बोलायला लागला म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी आहे, हे तुला तिथल्या तिथे कळलं असणार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे माझ्याकडे. आज लिहवत नाही.

दादा


मंगळवार, २० फेब्रुवारी

ठकू,

बाबांचं सांगतो. बाबा प्रसिद्ध झालेत. थट्टा नाही.

झालं असं. वरच्या मजल्यांवर लोखंडी खांब आणि भिंत यांच्यामध्ये मी दोन बोटं फट ठेवायला लावली होती. भूकंपात तिथे गिलाव्याला उभ्या भेगा पडल्या, दोरी लावल्यासारख्या सरळ. बघणारा दोन पावलं मागे सरकतो. आणि खाली डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत, जिथे भिंत खांबाला घट्ट टेकलेली आहे, तिथे केसाएवढी चीर नाही. डॉक्टर येणाऱ्याजाणाऱ्याला आधी वर नेतात, मग खाली आणतात आणि विचारतात, "आता सांगा, कुठली भिंत चांगली?" मग भिंतींचं काम बघणाऱ्या बाबांकडे हात करतात. बाबा मान खाली घालतात, पण कान लाल होतात.

वरच्या भेगा म्हणजे काहीच नाही. फट आपलं काम करत असली की गिलावा तिथे फुटायचाच. ती जखम नव्हे, शिवण उसवलीय एवढंच. मी हे दोन-तीनदा सांगून पाहिलं. लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. त्यांना वाटतं, मुलाचा हिशोब चुकला आणि बापाच्या हाताने तारलं.

म्हणून आता बोलावणी येतायत. आधी औषधवाल्याने नेलं, मग गिरणीवाल्याने. त्यांची घरं जुनी, भार सगळा भिंतींवरच. तिथे फट बुजवली काय आणि न बुजवली काय. मी गप्प बसलो. पण परवा शाळेच्या मुख्याध्यापक बाई घरी आल्या. नव्या शाळेचा सांगाडा लोखंडी आहे, आपल्या दवाखान्यासारखाच. ती दुसऱ्या कुणी बांधली, पण फटी ठेवल्यात आणि बरोबर ठेवल्यात. तिथेही तशाच सरळ भेगा आहेत, आणि पालक म्हणतात की त्या बुजवल्याशिवाय पोरांना पाठवणार नाही. भूकंपापासून शाळा बंदच आहे.

बाई म्हणाल्या, "काका, तुमच्याशिवाय कुणावर विश्वास नाही."

बाबा म्हणाले, "भिंतीला फट ठेवून कुणी भिंत बांधतं का हो? उद्या शर्टाला बटणं लावायची आणि काजं विसरायची!" आणि माझ्याकडे बघून हसले. खवचट नाही, लाडाने. मीही हसलो.

ते जाऊ नयेत म्हणून मी काय काय केलं ते विचारू नकोस. गुडघ्यांचं कारण सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी जिना दोनदा चढून दाखवला. त्यांची थापी पाण्याच्या टाकीमागे लपवली, तर नवी विकत आणली आणि वहिनीला विचारलं, "जुनी तू उलथणं म्हणून नेलीस का?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. रात्री मला म्हणाली, "सरळ का सांगत नाही?" मी म्हटलं, "काय सांगू?" ती दिवा घालवून झोपली.

फट का ठेवायची, ते तुला सांगतो. लोखंडी सांगाडा डुलायलाच केलेला असतो. जमीन हलली की त्याने थोडं इकडे, थोडं तिकडे व्हायचं आणि जोर जिरवायचा. ब्लॉकची भिंत डुलत नाही. ती सांगाड्यात घट्ट बसवली तर ती आडवी येते, आणि आडवी आली की जोर तिच्यावर जातो. म्हणून तिला मोकळी सोडायची, चारी बाजूंनी, मध्ये स्पंज भरून. मग सांगाडा आपला डुलतो आणि भिंत आपली उभी राहते.

सगळ्याच इमारतींत भिंत शत्रू नसते, हेही खरं. पहिल्यापासून हिशोबात धरली, सगळीकडे सारखी बांधली, तर ती मदतही करते. पण मग तसा हिशोब करावा लागतो. मी तो केला नव्हता. माझ्या कागदांवर भिंत म्हणजे नुसतं वजन होतं.

बाबांनी खालच्या मजल्यावर काही ठिकाणी फटी बुजवल्या असाव्यात. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नसावं.

चेंडू दाब.

दादा


बुधवार, २१ फेब्रुवारी

ठकू,

कालचं पत्र टाकून आलो आणि तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

"असाव्यात" आणि "नसावं" हे दोन्ही खोटं आहे. बाबांनी फटी बुजवल्या होत्या आणि मी त्या बघितल्या होत्या. गिलाव्याच्या आधी, भर उजेडात, हात लावून बघितल्या होत्या.

एवढंच आज.

दादा


मंगळवार, २७ फेब्रुवारी

ठकू,

आता सगळं लिहितो. मध्ये उठलो तर परत बसणार नाही, म्हणून वहिनीला सांगितलंय की कुणी आलं तर मी घरी नाही.

भिंतींच्या कामावर बाबांना मीच बसवलं. वेळ जाईल, चार माणसांत राहतील, म्हणून. पहिल्या दिवशी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "बाबा, खांबापासून दोन बोटं सोडायची. त्यात हा स्पंज भरायचा. आणि भिंत पुढेमागे कोसळू नये म्हणून हे लोखंडी चिमटे बसवायचे." त्यांनी विचारलं, "का?" मी म्हणालो, "तसंच असतं."

ज्या माणसाचा जन्म भिंती बांधण्यात गेला, त्याला मी "तसंच असतं" म्हणालो. मी घाईत होतो हे खरं. पण त्यांना ते समजणार नाही असं मी धरून चाललो होतो, हे जास्त खरं.

वरच्या मजल्यांवर त्यांनी गवंड्यांकडून सगळं सांगितल्यासारखं करून घेतलं. खाली आल्यावर मात्र त्यांचा हात शिवशिवायला लागला. एका सकाळी मी डॉक्टरांना घेऊन गेलो तर हे लाकडी घोडीवर चढून ब्लॉक लावतायत. पडतील म्हणून मी घाबरलो, आणि घाबरलो की मी ओरडतो, तुला ठाऊक आहे. सगळ्या मजुरांदेखत म्हणालो, "बाबा, तुम्हाला बघायला ठेवलंय, हात लावायला नाही. उतरा खाली." ते उतरले. त्या दिवशी डबा तसाच परत आला. संध्याकाळी वहिनीने विचारलं तर म्हणाले, "भूक नव्हती."

मला रात्रभर टोचत राहिलं. आणि मी काय ठरवलं? माफी मागायचं नाही ठरवलं. पुढच्या वेळी गेलो की गोड बोलायचं, असं ठरवलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तुझी खोली झाली होती. तुला उजेड हवा म्हणून डॉक्टरांनी लांबच लांब खिडकी दिली होती, आणि तिच्याखाली छातीपर्यंत भिंत. ती बाबांनी बांधली होती. मजूर जेवायला गेल्यावर एकट्याने. फट कुठेच नव्हती. खांबापर्यंत सिमेंटचा माल ठोकून भरलेला, कडा बोटाने गुळगुळीत केलेल्या. कोपऱ्यात पोतं होतं. त्यात उकरून काढलेला स्पंज आणि चिमटे. डॉक्टरांच्या खोलीतही तेच केलं होतं, पण तुझ्याइतकं घट्ट नाही.

मला एका नजरेत कळलं. बाबा थापी फडक्याने पुसत उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. आपण शाळेतून आलो की निकालाचा कागद हातात देऊन जसे बघायचो, तसे. ते माझ्याकडे तसे बघतायत हे मला सहन झालं नाही.

मी म्हणालो, "छान झालंय काम."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही.

म्हटलं, उद्या समजावून सांगू. दुसऱ्या दिवशी गिलावा सुरू झाला. मग रंग. मग तू तुझं टेबल बरोबर त्या भिंतीला लावलंस, कारण उजेड तिथेच. तपासणीच्या कागदावर मी सही केली की भिंती नकाशाप्रमाणे आहेत. मनात म्हणालो, एक भिंत आहे, एवढ्याशा भिंतीने काय होतंय.

एवढ्याशा भिंतीने काय होतं ते तुझ्या टेबलावर झालं. जमीन हलली तेव्हा सगळा सांगाडा डुलला, फक्त तुझ्या खिडकीजवळचे खांब डुलू शकले नाहीत. छातीपर्यंतच्या भिंतीने त्यांना धरून ठेवलं होतं. सबंध उंचीत वाकायचं ते त्यांना वरच्या तुकड्यातच वाकावं लागलं. एक खांब खिडकीच्या बुडाशी दुमडलाय, मी बघून आलो. आणि ज्या भिंतीला काही सोसायचं नव्हतं, तिच्यावर सगळा जोर आला. तिचे कोपरे चुरले, वरचे थर सुटले. धरून ठेवायला चिमटे नव्हते. ब्लॉक आत आले. तू मेण कोरत होतीस.

डॉक्टरांची भिंत चांगली होती म्हणून वाचली, असं नाही. तुझी आधी मोडली, म्हणून ती वाचली.

बाबांना यातलं काही माहीत नाही. ते म्हणतात, पोरीची भिंत अर्धवट होती म्हणून पडली, वरपर्यंत नेली असती तर हात वाचला असता. डॉक्टरांना खिडकीवरून बोल लावतात. मी समोर असतो आणि मूग गिळून गप्प बसतो. आधी स्वतःची समजूत घातली की बाबांना धक्का बसेल, या वयात कशाला. ते पूर्ण खोटं नाही. पण त्यांना सांगायचं तर मी बघितलं होतं हेही सांगावं लागेल, आणि माझी जीभ तिथे अडते. चूक बाबांच्या हातून झाली, पण ती चूक आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी त्यांच्या आड लपलोय, ठकू, आणि वर त्यांना वाचवतोय असं दाखवतोय.

काल शाळेत जाऊन आलो. दोन वर्ग बुजवून झालेत. तिथेही छातीपर्यंत भिंत आणि वर लांब खिडकी. भिंतीला लागून बाकांची रांग. आणि जमीन अजून शांत झालेली नाही. गेल्या आठवड्यात दोनदा भांडी वाजली.

बाईंना नुसतं "काम थांबवा" म्हणालो तर त्या विचारणार, का? मी म्हणणार, धोका आहे. त्या म्हणणार, पण दवाखाना तर काकांच्या भिंतींमुळेच उभा राहिला ना? तिथे माझं घोडं अडतं. काल दारातून आत गेलो, बाई म्हणाल्या, "काकांचा मुलगा ना? या, चहा घ्या." मी चहा घेतला आणि घरी आलो.

तू मला काय म्हणशील ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय. तरी तू म्हण.

दादा


शुक्रवार, १ मार्च

ठकू,

मावशीचा फोन आला. पत्रं वाचून झाल्यावर तू जेवलीस, ताट उचललंस, आणि मग तिला एवढंच म्हणालीस, "शाळा कधी उघडते ते त्याला विचार."

"त्याला" म्हणालीस. मावशीने "दादाला" असं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, पण तिला खोटं बोलता येत नाही.

सोमवारी उघडते. उद्या बाबांशी बोलतो.

दादा


रविवार, ३ मार्च

ठकू,

काल बोललो.

शाळेत गेलो तेव्हा बाबा तिसऱ्या वर्गात होते, पोरांच्या छोट्या स्टुलावर बसून खांबाजवळ माल भरत होते. मदतीला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, जरा थांबा."

"माल सुकतोय. तू बोल, मी ऐकतोय."

"हे बुजवायचं नसतं."

"का? दवाखान्यात बुजवलं, तर काय झालं? उभा आहे ना?"

"उभा आहे. पण ठकूचा हात गेला."

थापी थांबली. "तिची भिंत अर्धवट होती."

"इथल्यापण अर्धवटच आहेत, बाबा."

त्यांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मग पूर्ण वर्गाकडे. बाकांकडे पाहिलं नाही, पण मला वाटतं मुद्दामच पाहिलं नाही.

टेबलावर लाकडी पट्टी होती. मी ती उभी धरून टोकाला ढकलली, ती सगळीकडून थोडी थोडी वाकली. मग त्यांच्या हातात दिली, म्हटलं, अर्ध्यापर्यंत मुठीत घट्ट धरा. त्यांची मूठ तुला माहीत आहे. मी टोकाला तेवढ्याच जोराने ढकललं. मुठीच्या जरा वर पट्टी कडकन मोडली.

हे सांगायला मला किती वेळ लागला असेल? त्यांनी पहिल्या दिवशी "का" विचारलं होतं तेव्हा एवढंच करायचं होतं. पट्टी तर तेव्हाही माझ्या खिशात होती.

बाबा मोडलेल्या तुकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरांच्या खोलीत नुसती बुजवली होती. तिची मात्र मी ठोकून ठोकून भरली. तिच्या मेणावर धूळ बसते म्हणायची ना, म्हणून. फटीतून धूळ आली असती."

मी पट्टीचा दुसरा तुकडा उचलून टेबलावर ठेवला.

"तू आला होतास त्या दिवशी."

"हो."

"पोतं कोपऱ्यातच होतं. मी लपवलं नव्हतं."

"मला दिसलं होतं, बाबा."

"फट भरली तर काय होतं, ते कळलं होतं तुला?"

"सगळं कळलं होतं."

"आणि तू छान म्हणालास."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मला ते हवं होतं. त्यांनी थापी बादलीच्या कडेवर घासून स्वच्छ केली. खूप वेळ घासत होते. मग म्हणाले, "वाईट झालंय म्हणाला असतास तर उकरून काढलं असतं रे. एका दुपारचं काम होतं."

ठकू, मी चाळिशीचा माणूस, पोरांच्या बाकावर बसून रडलो. त्यांनी मला रडू दिलं. जवळ आले नाहीत.

नंतर ते स्वतः उठून बाईंच्या खोलीत गेले. मी मागोमाग. म्हणाले, "बाई, सोमवारी शाळा उघडू नका. माझ्या हातून चूक झालीय." मी म्हणालो, "त्यांच्या नाही, माझ्या." आणि दवाखान्याचंही सगळं सांगितलं, सहीसकट. बाईंनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही या सोमवारीच इथे बसून चहा घेतलात ना माझ्याकडे?" मी हो म्हणालो. त्यांनी घंटा वाजवणाऱ्या मावशींना बोलावून पालकांना निरोप पाठवायला सांगितला.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी छिन्नी-हातोड्याने पहिला वर्ग मोकळा केला. तसं म्हणजे त्यांनी केला. मी दोनदा बोट ठेचून घेतलं. आज सकाळी औषधवाला आणि गिरणीवालाही आले मदतीला. बाबांनी त्यांना कारण स्वतःच सांगितलं, नवी पट्टी मोडून. फटी नीट उकरल्यात, उद्या नवा स्पंज येईल, चिमटे शाबूत आहेत. नगरपालिकेच्या इंजिनिअरांच्या घरी जाऊन मी सांगून आलो, उद्या लेखी देतो. सही करायचं काम माझ्याकडून काढून घेतील, घ्यायलाच हवं. डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. तुझ्या उपचारांचं काय ते मी बघणार आहे, पण तो विषय या पत्रात आणत नाही, लाज वाटते.

बाबा माझ्याशी बोलतात. "छिन्नी दे", "सरक", "पाणी आण". त्यापलीकडे काही नाही. आज जेवताना मात्र ताटाकडे बघत वहिनीला म्हणाले, "त्या दिवशी मी ठकूला फोन केला होता, खास. म्हटलं, आज तुझा दादा माझ्या कामाला छान म्हणाला." तुला तो फोन आठवत असेल. मला आजच कळलं.

उद्या सकाळच्या गाडीने ते तुझ्याकडे येतायत. मी सोबत येतो म्हटलं, तर नको म्हणाले. परत कधी येणार ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांना तुझा हात बघायचाय. तू झाकशील, तू तशीच आहेस, पण झाकू नकोस. बघू दे त्यांना, आणि किती दुखतं ते खरं सांग. त्यांच्याशी गोड बोलायला म्हणून काही बोलू नकोस.

हे पत्र त्यांच्याच हातात देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

भिंत त्यांची होती असं ते तुला सांगतील. ऐकून घे, पण मानू नकोस. त्यांना काही बोलू नकोस, ठकू. जे बोलायचंय ते मला बोल. शिव्या दे, तोंड बघायचं नाही म्हण, काहीही म्हण. पण फोन उचल आणि मला म्हण.

दादा